माझ्या जुन्या नंबरावरची माणसं

कोल्हापूरच्या गंगावेशीतलं माझं सेवा केंद्र मी या वर्षी भाच्याच्या बायकोला चालवायला दिलं आणि घरी बसले. "आता वेळ कसा जातो हो तुमचा?" असं जो तो विचारतो. छान जातो. चहा गरम असताना पिते. 'अंगठा ठेवा' हे दोन शब्द दिवसातून एकदाही तोंडातून निघत नाहीत. पंधरा-सोळा वर्षं मी लोकांना सरकारशी जोडून द्यायचं काम केलं, आणि त्या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसल्यामुळे दोन्हीकडची बोलणी मीच खाल्ली. सुटले एकदाची, असं म्हणायला मला काडीचीही लाज वाटत नाही.

ज्यांना असल्या केंद्राची पायरी कधी चढावी लागली नाही, त्या भाग्यवंतांसाठी थोडं सांगते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशनकार्डातली नावं, नाना योजनांचे अर्ज हे सगळं आता कॉम्प्युटरवरून होतं. माणूस येतो तो हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. त्या पिशवीत त्याच्या जन्मापासूनचे सगळे कागद असतात, शिवाय एखादं लाइटबिल आणि देवीचा अंगारा. पिशवी उपडी करायची, लागेल तो कागद हुडकायचा, फॉर्म भरायचा आणि शेवटी समोर बसलेला माणूस तो तोच आहे, याची सरकारला खात्री पटवायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड.

खात्री पटवायचे मार्ग तीन. एक, यंत्रावर बोट टेकवायचं. दोन, कॅमेऱ्यापुढं चेहरा धरायचा. तीन, त्या माणसाच्या नावाला जो मोबाइल नंबर जोडलेला असतो त्यावर सहा आकडे येतात, ते सांगायचे. यालाच ओटीपी म्हणतात. तो एकदाच चालतो आणि दहा मिनिटांत बाद होतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दूध विकणाऱ्या एका गवळ्याला मी त्याचा ओटीपी चिठ्ठीवर लिहून दाखवला, तर काम झाल्यावर त्यानं ती चिठ्ठी लॅमिनेट करून मागितली. म्हणाला, "ऱ्हाऊ दे की वैनी, फुडच्या खेपंला उपयोगी पडंल." मी करून दिली. अजून त्याच्या पाकिटात असेल.

आता या सगळ्याबद्दल माझं मत काय, असं मला लग्नाकार्यात बरेच जण विचारतात. विचारणारा आधीच ठरवून आलेला असतो. कुणाला वाटतं, मी कॉम्प्युटरचे गोडवे गावेत. कुणाला वाटतं, पूर्वीच बरं होतं असं म्हणावं. पूर्वी काही बरं नव्हतं. सातबाऱ्यासाठी माझे वडील गारगोटीला सहा-सहा हेलपाटे घालायचे आणि तलाठी अप्पा कुठं लग्नाला गेलेत, तर कुठं मीटिंगला, एवढंच ऐकून परत यायचे. पुढं तोच कागद मी चहाचा कप संपायच्या आत काढून द्यायची. हे मोठं काम झालंय, आणि ज्यांनी केलं त्यांना मी हात जोडते. पण 'उद्या या' म्हणणाऱ्या कारकुनाला तोंड होतं, त्याच्याशी भांडता येत होतं. पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या चक्राशी कोल्हापूरचा माणूस तरी काय भांडणार? म्हणून तो माझ्याशी भांडायचा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांना कामावर घेण्याआधी एक आठवडा माझ्या खुर्चीवर बसवावं, एवढीच माझी धोरणात्मक सूचना आहे. गेल्या पंधरा वर्षांत ती कुणी मागितलेली नाही.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती मात्र सॉफ्टवेअरच्या चुकीची नाही.

एका सोमवारी आण्णा आले. आण्णा म्हणजे करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचे गुळवे. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तो गूळ व्हायला कधी तयार झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो उकळता पाक पळीनं उचलतो, पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी बरोबर वळली की हुकूम सुटतो आणि काहील उतरते. मिनिटभर उशीर झाला तर अख्खा घाणा वाया जातो. आण्णांनी हे चाळीसेक हंगाम केलं. भागात त्यांच्या हाताला मान होता. पण त्या हाताची बोटं पाकानं भाजून भाजून अशी गुळगुळीत झाली होती की त्यांच्यावर एक रेघ उरली नव्हती.

बरोबर त्यांच्या पत्नी हौसाबाई होत्या. आण्णांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत ऑपरेशन होणार होतं, गुरुवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. दवाखान्यानं सांगितलं होतं, बुधवारच्या संध्याकाळपर्यंत योजनेचं कार्ड आणा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. पुढची तारीख कधी, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आण्णा थांबू शकतील का, तेही सांगितलं नव्हतं. हौसाबाईंनी विचारलं होतं, तर डॉक्टर नुसतेच रिपोर्ट बघत राहिले होते.

मी यंत्र पुढं सरकवलं. आमच्या धंद्यात ठसा न उठणाऱ्या बोटासाठी शंभर युक्त्या आहेत. ओल्या फडक्यानं पुसायचं, लिंबू चोळायचं, बोट कपाळावर घासायचं म्हणजे तिथलं तेल लागून रेघा उठतात.

"आण्णा, घासा कपाळाला."

"घासलं की. आता कातडं निघंल." दहाची दहा बोटं झाली. यंत्र प्रत्येक वेळी लाल. आण्णा आपल्या बोटांकडं बघत म्हणाले, "ह्या बोटांनी मी लोकांचं घाणं राखलं, आनि माझ्याच टायमाला ही मुकी झाली व्हय?"

मग चेहरा. त्यांचा फोटो आधारच्या जुन्या शिबिरातला, भरल्या गालांचा, झुबकेदार मिशीचा. आता गाल बसलेले, मिशी गेलेली. त्यात ते ॲप डोळे मिचकावायला सांगतं, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे त्याला कळतं. आण्णा माझ्याकडं बघून डोळे मिचकावायला लागले, तशा मागून हौसाबाई कडाडल्या, "परक्या बाईम्होरं ह्या वयात डोळं काय मिचकावायलायसा?" तेवढ्या टेन्शनमध्येही रांगेतली माणसं हसली. चेहरा जुळला नाही तो नाहीच. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळखणारं यंत्र एका केंद्रात होतं, तिथं त्यांना लगोलग पाठवलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटांची सूट मागायचा रीतसर अर्ज आहे, पण त्याला पंधरा दिवस लागतात.

उरला ओटीपी. मी बटण दाबलं. पडद्यावर नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात, बाकी फुल्या. ते चार आकडे मी दोनदा वाचले.

तो माझा नंबर होता. मी वापरायचं सोडून दिलेला जुना नंबर.

हे कसं झालं, ते एका क्षणात आठवलं. आधारची शिबिरं गावोगावच्या शाळांतून व्हायची तेव्हा मी नवखी ऑपरेटर होते. गुऱ्हाळावरच्या माणसांकडं मोबाइल कुठला? नंबराचा रकाना मोकळा सोडला तरी चालत होता. पण आमच्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा हुकूम होता, रकाना मोकळा दिसता कामा नये, वर टक्केवारी दाखवायची असते. कुणी ऑपरेटर सरपंचाचा नंबर टाकायचे, कुणी मनानं काहीतरी दहा आकडे. मी आण्णांच्या गावातल्या बऱ्याच जणांच्या नावापुढं माझा नंबर टाकला. पुढं काही वर्षांनी मुलानं दुसरं स्वस्त सिम आणून दिलं, मी जुनं काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरले. न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या नंबराला माणसं टांगलेली आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं ताई?" आण्णांनी विचारलं.

"सिस्टीममध्ये दुसराच कुणाचा तरी नंबर पडलाय," मी म्हणाले. हे वाक्य आमच्या केंद्रात दिवसातून दहा वेळा म्हटलं जातं आणि ते कायम खपतं.

आण्णांनी माझ्याकडं जरा बघितलं. "असंल," म्हणाले.

ते गेल्यावर मी माझ्याच नंबरावर फोन लावला. एका बाईनं उचलला. "ताई, तुमच्या फोनवर आत्ता एक ओटीपी आला असेल," एवढं बोलले तर तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या आणि फोन बंद केला. पुन्हा लावला, तर नंबर ब्लॉक. तिचं काय चुकलं? इतकी वर्षं मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला बजावत आले होते, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. नाव दाखवणाऱ्या ॲपवर बघितलं, तर 'सुमनताई भांडी दुकान जयसिंगपूर' असं आलं. रात्रभर मला झोप नाही. मंगळवारी सकाळची पहिली एसटी धरली.

हातकणंगले गेलं तरी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. दुकान स्टँडजवळच सापडलं. सुमनताई पन्नाशीच्या, गल्ल्यावर बसून स्टीलच्या डब्यावर नाव घालत होत्या. मी माझं केंद्राचं ओळखपत्र दाखवलं, आण्णांचे दवाखान्याचे कागद दाखवले.

"कालच्या तुमीच व्हय?" त्यांनी नाव घालायचं मशीन खाली ठेवलं. "हे बघा बाई, ह्यो नंबर घेतल्यापासनं माझं डोस्कं फिरायची पाळी आल्या. कुणाचं रेशन उचललंय, कुणाचा अर्ज नामंजूर झालाय, कुणाला तालुक्याला बोलीवलंय. एकबी नाव वळखीचं न्हाय. समदं पुसून टाकतो मी. आनि असली वळखपत्रं छापाय किती वेळ लागतोय?"

"सिस्टीमच्या चुकीमुळं झालंय हो ते," मी म्हणाले.

"व्हय व्हय. बँकेतनं बोलणाऱ्या पोराचीबी सिस्टीमच चुकल्याली. गेल्या साली ओटीपी सांगितला आनि घरात तोंड दावाय जागा उरली न्हाय मला. जावा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर उतरले. डोळ्यांसमोर हौसाबाई आल्या, डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिलेल्या. मी परत वर चढले.

"सुमनताई, तो नंबर आधी माझा होता. शिबिरात त्या माणसांच्या नावापुढं तो मीच घातला. पुढं सिम बंद केलं तेव्हा एकाचीही मला आठवण झाली नाही. सिस्टीमचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलंय. आणि काल मी त्या आजारी माणसाच्या तोंडावर खोटं बोललेय."

बोलता बोलता मला रडू फुटलं. भर बाजारात, साठीच्या बाईनं रडायचं म्हणजे काय दिसत असेल, कोण जाणे.

सुमनताईंनी हातातला डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला आजवर कमीत कमी पन्नास जणांनी ओटीपी मागितला असंल. कोण बँकेचा, कोण कंपनीचा, कोण पोलिसाचा. पर त्यातलं एकबी माणूस 'माझी चूक झाल्या' असं म्हटलं न्हवतं." त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "बसा. च्या सांगतो. पर आकडा फोनवरनं सांगणार न्हाय हं. उद्या सोता येतो कोल्हापूरला. माणूस डोळ्यानं बघतो, मग सांगतो."

आमच्या भागातल्या बायका 'येतो-जातो' असंच बोलतात. त्या 'येतो'नं मला जो धीर आला, तो सांगता येत नाही.

बुधवारी दुपारी त्या दुकान बंद करून आल्या. फोन पदरात गुंडाळून कमरेला खोचलेला. आण्णा आणि हौसाबाई आधीच येऊन बसले होते. मी ओटीपी पाठवला, सुमनताईंच्या कमरेला टिंग वाजलं, पण त्यांनी फोन काही बाहेर काढला नाही. आधी चौकशी.

"गाव कंचं तुमचं? गुऱ्हाळ कुणाचं? गूळ पिवळा काढतायसा का काळा?"

"पिवळा. पर बिगर पावडरीचा," आण्णा ताठ होत म्हणाले.

"मालकीण कुणाच्यातली?"

हौसाबाईंनी शिरोळ तालुक्यातलं आपलं माहेर सांगितलं. मग सुमनताईंची नणंद, नणंदेची चुलत जाऊ, तिच्या दारातली चिंच, असं करत करत ती गल्ली हौसाबाईंच्या आत्याची निघाली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मी घड्याळाकडं बघत होते. दहा मिनिटं होऊन गेली आणि ओटीपी मेला.

"सुमनताई, आता दुसरा पाठवते. हा तरी वेळेत सांगा," मी जवळजवळ ओरडलेच.

"पाठवा की. आता पावणं झालं, आता काय भ्या न्हाय."

त्यांनी फोन काढला, लांब धरला आणि देवळात आरती म्हणावी तशा आवाजात एकेक आकडा म्हटला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. मी टाइप केला. चक्र फिरायला लागलं. ते किती वेळ फिरलं मला माहीत नाही, पण हौसाबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मीही मनातल्या मनात घेत होते. मग हिरवी खूण आली आणि प्रिंटरमधून आण्णांचं कार्ड सरकत बाहेर पडलं.

मी उठून केंद्राच्या बाहेर गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं हलकं मला मुलाची बारावी झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. सुमनताई स्टँडवर निघाल्या, तेव्हा माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "नंबर कुणाचा व्हता ते त्यास्नी तुमीच सांगा. मी न्हाय बोलणार."

पुढच्या तीन-चार महिन्यांत मी शिबिराच्या जुन्या वह्या काढून माझ्या नंबरावरची सगळी माणसं शोधली. मेसेज आला की सुमनताई नाव सांगायच्या, मी त्या माणसाला गाठून त्याचा स्वतःचा किंवा लेकीचा नंबर जोडून घ्यायची. बरीच माणसं सापडली. दोघं-तिघं आधीच गेलेली होती. त्यांना काय काय निरोप येऊन गेले असतील, तो विचार मी अजून टाळते. शेवटचं नाव निघालं त्यानंतरच मी केंद्र सोडायचं ठरवलं. पण ते सगळं नंतरचं. दवाखान्यातलं सांगायचं राहिलं.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं आणि चांगलं झालं. आठवड्यानं मी भेटायला गेले. आण्णा कॉटवर टेकून बसले होते, छातीवर उभे टाके, रंग बराच सुधारलेला. हौसाबाई संत्रं सोलत होत्या. मी स्टुलावर बसले आणि दुसरं काही बोलायच्या आत सांगून टाकलं.

"आण्णा, तो नंबर माझा होता."

"मला ठावं हाय."

"ठाऊक आहे? ते कसं?"

"मीच म्हटलं व्हतं की. तू शिबिरात इचारलंस, मोबाइल हाय का. मी म्हटलं, न्हाय. कुणाचा घालू म्हटलीस. मी म्हटलं, तुझाच घाल. शिकल्याली हाईस. सरकारचा काय निरोप आला तर कळवशील."

मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की नंबर सुपरवायझरच्या धाकानं घातला. या माणसानं तो माझ्यावर विश्वास ठेवून घालायला लावला होता.

"मग त्या दिवशी मी सिस्टीमचं नाव पुढं केलं, तेव्हा का नाही बोललात?"

"तू घाबरल्यालीस. म्हटलं, कशाला आनि."

"आणि इतक्या वर्षांत कधी विचारलंसुद्धा नाहीत?"

"काय इचारायचं? निरोप आला असता तर तू कळीवलंच असतंस की. मी म्हटलं, सरकारचं आपल्यासंगं काय काम निघालं नसंल. गप बसलो."

मी खाली मान घातली. तेवढ्यात आण्णाच खुसखुसायला लागले.

"निरोप येत हुतं म्हणायचं. पर समदं जयसिंगपूरला उतरत हुतं."

"हसू नगा, टाकं वलं हायती," हौसाबाई ओरडल्या. नर्सनं शिकवल्याप्रमाणं आण्णांनी उशी छातीशी घट्ट आवळली आणि तिच्या आडून हसत राहिले.

"आण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"व्हय, चुकलंच," आण्णा म्हणाले. "ती पाण्याची बाटली दे हिकडं."